बाईंना विचारा : पटावरचं नाव

एप्रिलच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं, की आठवी-दहावीनंतर घरी बसलेल्या मुलींबद्दल मला कळवा. पत्रं आली ती मोमिनपुरा, ताजबाग, उमरेड, कामठी, यशोधरा नगर इथून. काही व्हॉट्सॲपवर, दोन पोस्टकार्डं, आणि एक शिवणक्लासच्या वहीतून फाडलेल्या पानावर. मी नागपूर महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. खाली आमची मराठी शाळा, वर उर्दू शाळा, आणि पाण्याचा नळ दोघींत मिळून एक. त्या नळावर दोन्ही शाळांच्या मुली मला भेटायच्या आणि कोण यायचं बंद झालं ते तिथंच कळायचं. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या चौथ्या आठवड्यात उघडतात. अजून महिना हातात आहे, म्हणून सरळ पत्रांकडे येते. नावं कुणाचीच छापत नाही.

बाई, मी बिड्या वळते. हे पत्र शेजारच्या पोरीकडून मराठीत लिहून घेतलं आहे. माझी मुलगी उर्दू शाळेतून आठवी पास झाली. शाळा आठवीपर्यंतच आहे. नववीसाठी सेंट्रल ॲव्हेन्यू ओलांडून पलीकडे जावं लागेल. तिचे अब्बा म्हणतात बस झालं, आता घरी बसून पानं कातरेल, पुढं शादी. मी चौथी शिकले. त्यांच्यासमोर माझं चालत नाही. काय सांगू त्यांना?
— एक आई, मोमिनपुरा

ताई, माझी आईसुद्धा बिड्या वळायची. इंदोऱ्याच्या आमच्या खोलीत सुपात भिजवलेली तेंदूची पानं, पत्र्याचा फर्मा आणि कात्री. फर्मा पानावर दाबून धरायचा आणि कडेनं कातरायचं, हे काम आम्हा बहिणींचं. माझ्या अंगठ्याच्या मुळाशी त्या कात्रीचा घट्टा अजून आहे. तेव्हा मुलगी घरी बसली की दिवसाच्या बिड्या किती वाढतात, ते तुम्ही मला समजावायची गरज नाही. तुमच्या घरचा तो हिशेब खरा आहे. माझ्या आईनंही तो रोज केला, आणि रोज दहा वाजता आम्हाला शाळेत हाकललं. रात्री कंदिलाशी बसून राहिलेली पानं ती एकटी कातरायची.

आता तिच्या अब्बांचं. त्यांना ‘मुलीला शिकवा’ असं म्हणू नका. हे वाक्य त्यांनी भिंतीवर वाचलंय, ऑटोच्या मागं वाचलंय, भाषणात ऐकलंय. त्यांना एवढंच विचारा, की तुम्हाला नेमकी कशाची काळजी वाटते?

हे मी एका सायकल दुरुस्तीवाल्याकडून शिकले. त्यांची मुलगी वरच्या शाळेत होती, हुशार. आठवीच्या निकालानंतर ते टी.सी. मागायला आले. वरच्या बाई रजेवर, म्हणून माझ्याकडे बसले. मी विचारलं, भाईजान, पैशाचं आहे का? नाही म्हणाले. लग्न ठरलंय? नाही. मग बराच वेळ टेबलाच्या काचेखालचं वेळापत्रक बघत राहिले, आणि हळूच म्हणाले, “बाई, वो चौक.”

दुसऱ्या दिवशी साडेदहाला, म्हणजे शाळेला निघायच्या वेळेलाच, मी त्यांच्याबरोबर तो रस्ता चालले. चौकात पानठेला, ठेल्याला टेकलेल्या मोटारसायकली, पोरांचा घोळका, आणि ॲव्हेन्यूवर एकामागून एक ट्रक. ते तिथं थांबले आणि काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही, कारण त्या क्षणी त्यांची भीती मलाही दिसत होती. मार्ग त्यांनीच काढला. मागच्या गल्लीतून जायचं, सिग्नलवर जिथं वाहतूक पोलीस उभा असतो तिथूनच ओलांडायचं, आणि एकटीनं जायचं नाही. त्याच मोहल्ल्यातल्या आणखी तीन मुली त्यांनी स्वतः घरोघर जाऊन गोळा केल्या. पहिला महिना आळीपाळीनं एक बाप त्या चौघींच्या दहा पावलं मागून चालायचा. चौघींतल्या तिघी दहावी झाल्या. चौथीचं लग्न नववीतच लावून दिलं. तिच्यासाठी मी वेळेत धावले नाही, ते मला अजून लागतं.

तेव्हा ताई, आधी तुमच्या गल्लीतल्या आठवी पास झालेल्या मुली मोजा. तीन निघाल्या तरी पुरे. तिच्या अब्बांना त्या शाळेत एकदा घेऊन जा. मुलींचं शौचालय कुठं आहे, त्याला आतून कडी लागते का, शाळा सकाळपाळीची की दुपारपाळीची, हे त्यांच्यासमोर विचारा. दुपारपाळी असेल तर डिसेंबरात परत येताना अंधार होतो, तेही विचारा. बापाला हे प्रश्न पडलेले असतात, फक्त शाळेत जाऊन विचारायचा त्याला संकोच वाटतो.

पैशाचं सांगते. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला २०१० च्या १ एप्रिलला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, पहिली ते आठवी. म्हणजे तुमच्या मुलीची शाळा जिथं संपते, नेमकी तिथंच कायद्याची सक्तीही संपते. इतकी वर्षं मी बघत आले, मुली गळतात त्या बहुतेक याच जागी. पण महाराष्ट्रात सरकारी आणि अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण फी नाही. म्हणून प्रवेश घेताना पहिला प्रश्न ‘शाळा अनुदानित आहे का?’ हाच विचारा. दुसरं, तुमच्याकडे बिडी कामगाराचं ओळखपत्र आहे का? असेल तर केंद्राच्या कामगार कल्याण विभागाकडून बिडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते. नसेल तर कारखानदाराकडे किंवा ठेकेदाराकडे त्यासाठी लकडा लावा. अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची केंद्राची शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद केली, ते मला पटलेलं नाही. लहान वर्गात मिळणारे ते थोडे पैसे म्हणजे आईच्या हातातलं एक बोलायचं बळ होतं.

‘पुढं शादी’चं काय? अठरा पूर्ण होईपर्यंत कायदा लग्नाला परवानगी देत नाही. घाई होतेय असं दिसलं तर १०९८ हा नंबर आहे, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. तुमच्या घरी ती वेळ येईल असं मला पत्रावरून वाटत नाही.

आणि एक काम शाळा उघडायच्या आधी करा. टी.सी. काढून आणून पेटीत ठेवू नका. पेटीत गेलेला दाखला पुन्हा शाळेत पोचलेला मी फार क्वचित पाहिलाय. ज्या दिवशी टी.सी. हातात येईल त्याच दिवशी नव्या शाळेत प्रवेश करून टाका. एका शाळेच्या पटावरून नाव निघालं की दुसऱ्या पटावर चढेपर्यंत मधे रात्र जाऊ देऊ नका.

मुलीला दहावीत ८४ टक्के मिळाले. उमरेडहून नागपूरला अकरावीला पाठवायची आहे. फॉर्मवर धर्म बौद्ध लिहिला की अल्पसंख्याक, जातीचा दाखला जोडला की अनुसूचित जाती. नेट कॅफेवाला म्हणतो, एकच काय ते ठरवा. आम्ही नक्की कोण?
— एक आई, उमरेड

तुम्ही दोन्ही आहात. अल्पसंख्याक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं एकच समाज येतो. पण १९९३ साली केंद्र सरकारनं पहिली यादी काढली त्यात मुस्लीम, ख्रिश्चन, शीख आणि पारशी यांच्याबरोबर बौद्धही होते. जैन २०१४ मध्ये आले. दुसरीकडे, १९५६ साली दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारलेल्या आपल्या लोकांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळायला १९९० उजाडलं. चौतीस वर्षं. माझ्या वडिलांनी ही मधली वर्षं कागद घेऊन कचेऱ्यांत घालवली, म्हणून मला हे आकडे पाठ आहेत.

एका मुलीला एकाच वेळी दोन शिष्यवृत्त्या घेता येत नाहीत. धर्माच्या रकान्यात बौद्धच लिहा, ते खरं आहे, आणि शिष्यवृत्ती अनुसूचित जातीची घ्या. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर भरतात. तुमची मुलगी बाहेरगावाहून येणार, म्हणून आधी समाजकल्याणच्या मुलींच्या शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करा. तिथं जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना जेवण, खोली, वह्या-पुस्तकं यासाठी नागपूरसारख्या शहरात वर्षाला साठ हजार रुपये, बँकेत थेट मुलीच्या खात्यावर. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, आणि कॉलेजात हजेरी पंचाहत्तर टक्के. पैसा हप्त्यानं आणि उशिरा येतो. पहिले चार महिने घरातून काढायची तयारी ठेवा, नाहीतर मुलगी दिवाळीला आली की परत जायचीच नाही. असं झालेलं मी पाहिलंय.

जात पडताळणीचं काम अकरावीतच सुरू करा. बारावीच्या निकालानंतर रांगेत उभं राहाल तर प्रवेशाची तारीख निघून जाईल.

तुम्ही उमरेडच्या, म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. जाईबाई चौधरी तुमच्याच गावच्या. लहानपणी लग्न झालं, मग कामठी ते नागपूर डोक्यावर ओझी वाहायची मजुरी केली. मिशनच्या एका बाईंनी त्यांच्यातली हुशारी ओळखली आणि मिशनच्या शाळेत शिकवायला ठेवलं. शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळल्यावर लोकांनी मुलं काढून घेतली आणि जाईबाईंची नोकरी गेली. मग त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली, १९२० च्या दशकात. माझी आजी अक्षरं शिकली ती त्या काळच्या अशाच बायकांमुळे. मुलीला नागपूरला आणाल तेव्हा बसमध्ये तिला ही गोष्ट सांगा. उमरेड ते नागपूर तेवढा वेळ असतो.

मी कामठीजवळ उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. माझ्या मुली दहावीला ऐंशी-पंचाऐंशी टक्के घेतात, हौसेनं अकरावी सायन्सला जातात, आणि दिवाळीपर्यंत अर्ध्या आर्ट्सला बदली मागतात किंवा घरी बसतात. उर्दू शाळेत घातलं हीच चूक झाली का, असं पालक विचारतात.
— एक शिक्षिका

आईच्या भाषेत शिकली म्हणून तुमची मुलगी गणित समजून करते. ती चूक कशी असेल? पण बालभारतीचं पुस्तक दहावीपर्यंत उर्दूत, आणि अकरावीला एका रात्रीत सगळं इंग्रजीत. त्या दरीवर पूल बांधायचं काम कुणाकडेच नाही. ते तुमच्या-माझ्यासारख्यांनी उचललं तरच होतं.

वरच्या शाळेची एक मुलगी अकरावीत असताना माझ्याकडे रडत आली होती. सर वर्गात फोटोसिंथेसिस शिकवत होते आणि ती पूर्ण तास कोऱ्या वहीवर पेन धरून बसली. मी तिला आमच्या मराठी पुस्तकातलं पानाचं चित्र दाखवलं आणि म्हटलं, हे प्रकाशसंश्लेषण. ती बघत राहिली आणि एकदम म्हणाली, “ये तो झियाई तालीफ है!” आणि मग सूर्यप्रकाश, पाणी, कार्बन डायऑक्साइड, हरितद्रव्य, सगळं धडाधड सांगितलं, एकही चूक नाही. तिला सगळं येत होतं. फक्त दारावरची पाटी बदलली होती.

मी आणि वरच्या बाईंनी मिळून तेव्हा दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत एक वही केली. तीन रकाने. पहिल्यात उर्दू, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात इंग्रजी शब्द देवनागरीत आणि पुढं स्पेलिंग. मुसल्लस, त्रिकोण, ट्रँगल. झाविया, कोन, अँगल. जर्ब, गुणाकार, मल्टिप्लिकेशन. निस्फ कुतर, त्रिज्या, रेडियस. रोज वीस शब्द, एप्रिल-मेच्या उन्हात सकाळी सात ते नऊ, शाळेच्या व्हरांड्यात. मुलीच एकमेकींना विचारायच्या. मराठीचा रकाना मी मुद्दाम ठेवला होता. पुढं तलाठ्याची परीक्षा असो, पोलीस भरती असो की एमपीएससी, या राज्यात मराठी लिहिता आली नाही तर दार अर्धंच उघडतं. उर्दू शाळेत मराठीचा तास असतो, पण तो पाठांतरात जातो. मुलींना मराठी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावा. पहिले पंधरा दिवस हसतात, मग सवय होते.

मुलींची आणखी एक गोष्ट तपासा, ती म्हणजे नाव. शाळेत ‘परवीन’, आधारवर ‘बानो’, बँकेत नुसतं ‘बी’. कुणाचं ‘शेख’ आधी, कुणाचं शेवटी, कुणाचं नाहीच. फॉर्मला नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन रकाने हवे असतात, आणि आपल्या मुलींची नावं त्या साच्यात बसवलेलीच नसतात. शाळेच्या रजिस्टरमधली दुरुस्ती मुलगी शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत, शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीनं होते. शाळा सोडली की तेच काम डोंगर होऊन बसतं. नववीच्या जुलैमध्ये एक तास काढून सगळ्या वर्गाचे आधार आणि रजिस्टर शेजारी शेजारी ठेवा.

तुमचा स्तंभ आवडीने वाचतो. पण एक स्पष्ट विचारतो. सरकार इतकं करतं, तरी या समाजातले लोकच मुलींना शाळेत पाठवत नसतील, मदरशात घालत असतील, तर दोष कोणाचा? वेगळे लाड कशाला?
— एक निवृत्त वाचक, धरमपेठ

भाऊ, तुम्ही मनात न ठेवता विचारलंत, म्हणून मीही पूर्ण उत्तर देते.

आधी मदरशाचं. मुस्लीम समाजाच्या स्थितीबद्दल न्यायमूर्ती सच्चर यांच्या समितीचा अहवाल २००६ साली आला. त्यात शाळेच्या वयाच्या मुस्लीम मुलांपैकी मदरशात शिकणारी मुलं शंभरात तीन आहेत असं निघालं. बाकीची तुमच्या-माझ्या मुलांसारखी साध्या शाळेत होती, किंवा कुठंच नव्हती. कुठंच नसलेल्यांचा आकडा मोठा होता. सहा ते चौदा वयाची चारातली एक मुलं एकतर शाळेची पायरी चढलीच नव्हती किंवा मधूनच गळली होती. त्याच अहवालात आहे की मुस्लीम वस्त्यांमध्ये प्राथमिकच्या पुढच्या शाळा थोड्या, मुलींच्या त्याहून थोड्या, आणि त्या लांब. मोमिनपुऱ्याच्या आईचं पत्र वर छापलंय, ते एकदा परत वाचा. ती मुलगी आठवी पास आहे. पाठवणाऱ्यांनी आठ वर्षं पाठवली. पुढचा वर्ग हमरस्त्याच्या पलीकडे आहे.

मी निवृत्त व्हायच्या आदल्या महिन्यात आमचं दाखल-खारिज रजिस्टर चाळत बसले होते. तुम्ही पाहिलं असेल, लांबट, कापडी पाठीचं, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. डावीकडे नाव, जन्मतारीख, धर्म, जात. उजवीकडे अगदी शेवटी ‘शाळा सोडण्याचे कारण’. मुलींच्या नावांपुढं त्या रकान्यात पानामागून पान एकच मजकूर होता, ‘पालकांच्या विनंतीवरून’. काही ठिकाणी अक्षर माझंच होतं. मग वरच्या शाळेचं रजिस्टर मागवलं. तिथं उर्दूत, उजवीकडून डावीकडे, अर्थ तोच.

यातल्या कितीतरी मुली मला आठवत होत्या. एकीच्या घरी पाचवं भावंड झालं आणि ते सांभाळायला ती राहिली. एकीच्या आईला टी.बी. एकीला पाळी आली आणि आमच्या शौचालयाला कडी नव्हती. हो, आमच्याच. कडीसाठी मी चार अर्ज केले, आणि कडी बसली तोवर ती पोरगी दोन वर्षं घरी बसलेली होती. एकीच्या बापाची हातगाडी अतिक्रमणात गेली. यांतल्या दोघी बौद्ध, एक मुस्लीम, एक कोष्टी. ‘या समाजातले लोकच’ असं म्हणायला मी बसले असते तर मला माझ्या समाजाबद्दलही तेच म्हणावं लागलं असतं. एकेकाळी आमच्याबद्दल तेच म्हणत होते.

लाड हा शब्द मला लागला, भाऊ. १८५६ च्या ऑक्टोबरात सावित्रीबाई माहेरी आजारी होत्या. तिथून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात त्या म्हणतात, की फातिमेला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. मागं राहून शाळेचा भार उचलणारी ती बाई मुसलमान होती. मुलींच्या शाळेचं काम या राज्यात तेव्हापासून मिळून चाललेलं आहे. तुम्ही निवृत्त आहात, हिशेब आणि अर्ज तुमच्या हातचा मळ असेल. जून-जुलैमध्ये फॉर्म भरायला मदत करणारी माणसं मला नेहमी कमी पडतात. धरमपेठेतून इकडे शहर बस येते. या, मी चहा ठेवते.

बारावीत आहे. घरचे म्हणतात बुरखा घालशील तरच कॉलेज. कॉलेज म्हणतं वर्गात चालणार नाही. दोघांच्या मधे मी.
— एक विद्यार्थिनी, ताजबाग

बेटा, तू कॉलेज सोडू नकोस. बाकी सगळं त्यानंतर.

कोर्टांतही यावर एकमत झालेलं नाही. कर्नाटकच्या हिजाब प्रकरणात २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दोन वेगळे निकाल दिले. त्यातल्या एकांनी हेच विचारलं, की अशानं मुलीचं आयुष्य आपण सुकर करतोय का? माझं मत विचारशील तर डोक्यावरच्या ओढणीनं कुणाचा भूमितीचा प्रमेय अडत नाही. पण माझ्या मतानं तुझा उद्याचा तास होणार नाही. म्हणून प्राचार्यांना एकटी भेटू नकोस. वर्गातल्या दोघी-तिघी आणि तुझी आई मिळून जा, आणि लेडीज रूममध्ये बुरखा घडी करून ठेवायला एक कपाट, आणि वर्गात ओढणी चालेल का, एवढंच विचारा. शहरात कित्येक मुली कॉलेजपर्यंत बुरख्यात येतात, तिथं घडी घालतात आणि जाताना चढवतात. आईला ती खोली प्रत्यक्ष दाखव. नाहीच ऐकलं तर मला परत लिही, मी येते बरोबर.

मी सोळा वर्षांची आहे. नववी पास झाले तेव्हा अम्मीचं ऑपरेशन झालं, शाळा सुटली. दोन वर्षं झाली. आता शिवणक्लासला जाते. दहावी द्यायची आहे. पण लहान मुलींसोबत वर्गात बसायची लाज वाटते. घरी अजून सांगितलं नाही.
— यशोधरा नगर

शिवणाच्या वहीचं पान तुझं. मागच्या बाजूला ब्लाऊजची मापं होती, ती मी जपून ठेवली आहेत.

तुला वर्गात बसावं लागणार नाही. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म असतो, बाहेरून दहावीला बसणाऱ्यांसाठी. पाचवी पास आणि चौदा वर्षं पूर्ण असली की भरता येतो. तुझं दोन्ही आहे. फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि एक शाळा तुझं संपर्क केंद्र म्हणून निवडायची. परीक्षा, पेपर, मार्कशीट सगळं मंडळाचंच, आणि कुणी कमी समजत नाही. लागतं काय, तर शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार, फोटो. दाखला हरवला असेल तर जुन्या शाळेतून दुय्यम प्रत आणि सोबत प्रतिज्ञापत्र. फॉर्म पावसाळ्यात सुटतात आणि मुदत फार नसते, म्हणून दाखल्याचं काम आत्ताच करून ठेव. शाळेनं उडवून लावलं तर त्यांना एवढंच सांग, की १७ नंबरसाठी हवाय.

सगळे विषय एकदम जड वाटत असतील तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (एनआयओएस) आहे. तिथं पाच वर्षांत, थोडे थोडे विषय घेऊन दहावी पूर्ण करता येते. उर्दू, हिंदी, मराठी कोणत्याही भाषेत. पण तू नववीपर्यंत आलेली आहेस. मला वाटतं तू १७ नंबरच भरावा. गणिताची भीती असेल तर सांग, माझ्या इंदोऱ्याच्या घरी रविवारी सकाळी चार-पाच मुली येतातच.

घरी सांगायचं म्हणतेस, तर अब्बांना आधी नको. अम्मीला सांग, तिच्यासाठीच शाळा सुटली ना तुझी, तिला ते रोज आठवत असणार. रात्री भांडी झाल्यावर, ती एकटी असेल तेव्हा. आणि वही बंद करू नकोस. मापं लिहितेस त्याच वहीत मागून एक-एक गणित सोडव. तुझं अक्षर छान आहे.

जुनी शाळा उघडली की पहिल्याच दिवशी जाऊ नकोस, त्या दिवशी गर्दी असते. दुसऱ्या दिवशी अकरानंतर जा. क्लार्कच्या टेबलाशी उभी राहा, नाव, नववी सोडल्याचं वर्ष आणि जन्मतारीख एका चिठ्ठीवर लिहून ने. रजिस्टरमध्ये तुझं नाव आहेच, ते त्यांना शोधावं लागेल एवढंच.